मानिनीचा शेवटचा अंक
(कॅथरिन हेपबर्न हिच्या अभिनयाचा विचार)

नटाच्या कलेचें मोजमाप करणें हें इतर कोणत्याहि कलेच्या मोजमापापेक्षां अवघड काम आहे. कवीची कविता आणि चित्रकाराचें चित्र हीं त्याच्या पश्चात् राहतात. नटाची भूमिका मात्र पडदा पडतांच संपते, आणि मागें उरते ती केवळ तिच्याविषयींची आठवण. चित्रपटानें हा न्याय पुष्कळसा बदलला. नटीचा चेहरा, तिचा स्वर, तिची चाल हीं आतां पुढच्या पिढ्यांना पुन्हां पुन्हां पाहतां येतात. परंतु या सोयीबरोबर एक नवी अडचणहि आली. चित्रपट हा एकट्या नटीचा नसतो. तो लेखकाचा असतो, दिग्दर्शकाचा असतो, भांडवल घालणाऱ्या कंपनीचा असतो, आणि सर्वांत अधिक म्हणजे तिकिटासाठीं पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाचा असतो. तेव्हां एखाद्या थोर नटीच्या कामगिरीचा विचार करितांना ‘तिनें काय केलें’ याबरोबरच ‘तिला काय करूं दिलें गेलें’ हाहि प्रश्न विचारावा लागतो. कॅथरिन हेपबर्न या अमेरिकन नटीच्या बाबतींत तर हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

तिचा जन्म १२ मे १९०७ रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड या शहरीं झाला, आणि शहाण्णव वर्षांचें दीर्घ आयुष्य भोगून २९ जून २००३ रोजीं ती त्याच संस्थानांत, समुद्रकांठच्या आपल्या घरीं निवर्तली. १९२८ सालीं ती रंगभूमीवर आली, १९३२ मध्यें बोलपटांत शिरली, आणि त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ तिचें नांव अमेरिकन प्रेक्षकांच्या तोंडीं राहिलें. उत्कृष्ट नटी म्हणून तेथील चित्रपट-अकॅडमीचें पारितोषिक तिला चार वेळां मिळालें. अभिनयासाठीं हें पारितोषिक चार वेळां मिळविणारी दुसरी व्यक्ति आजवर झालेली नाहीं. आणि गंमत अशी कीं, चारांपैकीं एकहि स्वीकारण्यास ती समारंभाला गेली नाहीं. ज्या काळीं नट्यांनीं घराबाहेर कसें दिसावें याचेहि नियम कंपन्या ठरवीत, त्या काळीं ती पाटलोण घालून हिंडे, वार्ताहरांना टाळी, आणि मनास येईल तें बोले. यावरून तिच्याविषयीं एक दंतकथाच तयार झाली आहे: ही नटी कोणापुढें नमली नाहीं, तिनें आपला स्वभाव बदलला नाहीं, जगालाच बदलण्यास लावलें.

ही दंतकथा ऐकावयास गोड आहे, आणि तिच्या खासगी स्वभावापुरती ती बरीचशी खरीहि असेल. परंतु तिचे चित्रपट एकामागून एक लावून पाहिले म्हणजे निराळेंच चित्र दिसूं लागतें. प्रेक्षकांनीं या मानी स्त्रीचा स्वीकार केला खरा, पण एका अटीवर केला. ती अट अशी: ‘तुझा तेजस्वी मान आम्हांला दोन घटका खुशाल दाखव; मात्र शेवटच्या अंकांत तो आमच्या डोळ्यांदेखत मोडला पाहिजे.’ हा अलिखित करार तिनें पाळला, आणि पाळीत असतांनाच आपल्या कलेच्या बळावर तो निष्फळहि करून टाकला. तिची खरी थोरवी या दुसऱ्या गोष्टींत आहे, असें आमचें म्हणणें आहे.

ज्या घरांत ती वाढली तें घर साधें नव्हतें. वडील डॉ. टॉमस हेपबर्न हे मूत्ररोगांवरील शस्त्रवैद्य होते. आई स्त्रियांच्या मताधिकारासाठीं लढणाऱ्या कनेक्टिकटमधील संस्थेची अध्यक्षा होती. पुढें तिनें मार्गारेट सँगर यांच्याबरोबर संततिनियमनाच्या चळवळींत काम केलें. सहा भावंडांच्या त्या घरांत जेवणाच्या टेबलावर कोणताहि विषय वर्ज्य नसे. मुलीनें ब्रिन मॉर या स्त्रियांच्या कॉलेजांतून १९२८ सालीं पदवी घेतली. अशा घरांतून आलेल्या मुलीला आत्मविश्वास शिकवावा लागत नाहीं. तिला शिकवावी लागते ती कला. आणि ती शिकतांना तिची चांगलीच फटफजिती झाली.

पदवी हातीं पडतांच तिनें बाल्टिमोर येथील एका नाटकमंडळींत लहानसहान कामें धरलीं. ‘द बिग पॉन्ड’ या नाटकांत तिला नायिकेचें काम मिळालें, पण पहिल्या रात्रीच्या प्रयोगानंतर लगेच काढून घेण्यांत आलें. ती इतकी भरधाव बोलत असे आणि तिचा आवाज इतका वर चढत असे कीं, शब्द ऐकूं येणें कठीण होई. फिलिप बॅरी यांच्या ‘हॉलिडे’ या नाटकांत मुख्य नटीच्या जागीं वेळप्रसंगीं उभें राहण्यासाठीं तिला नेमलें होतें. याच नाटकाच्या चित्रपटांत १९३८ सालीं तिनें नायिकेचें काम केलें तेव्हां मधल्या दहा वर्षांचा हिशेब पुरा झाला. पुढेंहि दोन नाटकांतून तिला काढून टाकण्यांत आलें. तरीहि १९३२ च्या मार्चमध्यें ‘द वॉरियर्स हजबंड’ या नाटकांत तिनें न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांचें लक्ष एका क्षणांत वेधून घेतलें. तें नाटक प्राचीन ग्रीक कथांतील ॲमेझॉन नांवाच्या लढवय्या स्त्रियांविषयींचें. त्यांत खांद्यावर मारलेला सांबर टाकून ती उंच जिन्यावरून उड्या घेत रंगभूमीवर येई. हा प्रवेश आपण लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढच्या साऱ्या आयुष्यांत लेखकांनीं आणि दिग्दर्शकांनीं तिला हा जिना पुन्हां पुन्हां उतरावयास लावला आहे.

त्याच वर्षीं जॉर्ज क्यूकर यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘अ बिल ऑफ डिव्होर्समेंट’ या बोलपटांत ती आली. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९३३ मध्यें, तिचे तीन बोलपट निघाले. ‘ख्रिस्तोफर स्ट्राँग’ मध्यें ती वैमानिक आहे. एका विवाहित पुरुषावर तिचें प्रेम बसतें, आणि अखेरीस विमान उंच नेण्याचा विक्रम करीत असतांना ती तोंडावरचें प्राणवायूचें साधन स्वतःच्या हातानें काढून टाकते. इतक्या उंच गेलेल्या स्त्रीला खालीं आणण्याचा त्यावेळीं लेखकांना सुचलेला मार्ग हा! ‘मॉर्निंग ग्लोरी’ मध्यें ती खेड्यांतून आलेली, नटी होण्याच्या वेडानें झपाटलेली मुलगी आहे. एका मेजवानींत शँपेनच्या धुंदींत ती हॅम्लेटचें स्वगत आणि ज्यूलिएटचें भाषण म्हणून दाखविते. या प्रवेशांत हास्यास्पद आणि करुण यांची सीमारेषा ती ज्या बेतानें सांभाळते, त्यावरूनच ही नटी निव्वळ उड्या मारणारी नाहीं हें कळून येतें. पहिलें पारितोषिक तिला याच भूमिकेबद्दल मिळालें. आणि ‘लिट्ल विमेन’ मधील जो ही तर जणूं तिच्याच घरांतून उचललेली मुलगी होती.

परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस, २६ डिसेंबर १९३३ रोजीं, ‘द लेक’ या नाटकांत ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर परत आली आणि सपशेल आपटली. तिच्या अभिनयाची सारी व्याप्ति मुळाक्षरांच्या पहिल्या दोन अक्षरांतच आटोपते, अशा अर्थाचा एक चिमटा डोरोथी पार्कर या विनोदी लेखिकेच्या नांवावर प्रसिद्ध आहे. पंचावन्न प्रयोगांनंतर नाटक बंद पडलें. निर्माता तें गांवोगांव फिरविणार होता. त्यांतून तिनें स्वतःचे पैसे भरून सुटका करून घेतली. पुढें एकदां नव्हे तर अनेकदां तिनें हेंच केलें: पैसे देऊन आपलें स्वातंत्र्य विकत घेतलें. या गोष्टीचें कौतुक करितांना तें स्वातंत्र्य विकत घेण्याइतके पैसे तिच्यापाशीं होते, हें विसरून चालणार नाहीं.

तिच्या तरुणपणच्या भूमिकांत सर्वोत्तम कोणती, असें कोणी विचारलें तर आम्ही १९३५ सालच्या ‘ॲलिस ॲडम्स’ चें नांव घेऊं. बूथ टार्किंग्टन यांच्या कादंबरीवरून तो घेतलेला आहे. लहानशा गांवांतील बेताच्या परिस्थितीच्या घरांतली ही मुलगी श्रीमंतांच्या मेजवानीला जाते. फुलांचा गुच्छ विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें तिनें व्हायोलेटचीं फुलें स्वतः तोडून आणलेलीं असतात. तीं कोमेजतात, आणि ती तीं कोणाला दिसणार नाहींत अशीं लपविते. तिच्याबरोबर कोणी नाचत नाहीं. पण आपला जोडीदार आतां येईलच, अशा आविर्भावानें ती एकटीच बसून राहते. पुढें एका श्रीमंत तरुणाला तिच्या घरीं जेवावयास बोलावलें जातें. कमालीच्या उकाड्याची रात्र, जड आणि गरम पदार्थ, एका दिवसापुरती आणलेली मोलकरीण, आणि घामाघूम झालेला बाप. या साऱ्या फजितीवर पांघरूण घालण्यासाठीं ॲलिस सारखी बोलत राहते. ज्या भरधाव बोलण्यामुळें हेपबर्नला नाटकांतून काढून टाकलें होतें, तेंच बोलणें येथें करुणरसाचें साधन झालें आहे. तोंड हंसत असतें, शब्द धांवत असतात, आणि डोळे मात्र समोरच्या माणसाला ‘पाहूं नका’ म्हणून विनवीत असतात. दोष आणि गुण हे एकाच मुळाचे फुटवे असतात, हें नाट्यशिक्षणांतील तत्त्व यापेक्षां स्पष्टपणें कोठें पाहावयास मिळेल असें वाटत नाहीं.

येथेंच आमच्या मुद्याचा पहिला ठळक पुरावाहि मिळतो. मूळ कादंबरींत तो तरुण निघून जातो, आणि ॲलिस सारें सोंग टाकून, नोकरीचें शिक्षण देणाऱ्या शाळेचा जिना चढूं लागते. चित्रपटांत तो तरुण ओट्यावर तिची वाट पाहत थांबलेला आहे! कादंबरीकारानें तिला स्वतःच्या पायांवर उभें केलें. चित्रपटवाल्यांनीं तिला नवरा मिळवून दिला. प्रेक्षक खूष होऊन घरीं गेले. तरी तो जेवणाचा प्रवेश ज्यानें पाहिला आहे, त्याला या मुलीचा प्रश्न लग्नानें सुटणारा नव्हता हें कळल्यावांचून राहत नाहीं.

यानंतरचीं तीन वर्षें पडतीचीं. ‘सिल्व्हिया स्कार्लेट’ मध्यें ती मुलाच्या वेषांत वावरली, तें लोकांना रुचलें नाहीं. ‘जेन एअर’ चें नाटक घेऊन ती १९३६-३७ च्या हिंवाळ्यांत गांवोगांव फिरली, पण तें न्यूयॉर्कला आणण्याचें धाडस झालें नाहीं. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ हा १९३८ चा प्रहसनवजा बोलपट आज सर्वमान्य झाला आहे; त्यावेळीं तोहि फारसा चालला नाहीं. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या थिएटर-मालकांच्या एका संघानें वृत्तपत्रांत जाहिरात देऊन कांहीं नटनटींचीं नांवें ‘गल्ल्याला विष’ म्हणून प्रसिद्ध केलीं. त्या यादींत ग्रेटा गार्बो, मार्लिन डीट्रिख आणि जोन क्रॉफर्ड यांच्या पंक्तीला हेपबर्नहि होती. तिच्या कंपनीनें तिला एक हलकी भूमिका देऊं केली. तिनें ती नाकारली, आणि पुन्हां स्वतःचे पैसे भरून करारांतून मोकळी झाली.

यापुढचा भाग दंतकथेचा गाभा आहे. फिलिप बॅरी यांनीं तिलाच डोळ्यांपुढें ठेवून ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हें नाटक लिहिलें. २८ मार्च १९३९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि तेथें एकंदर चारशें सतरा प्रयोग झाले. चित्रपटाचे हक्क होवर्ड ह्यूज या धनिकानें तिच्यासाठीं आधींच घेऊन ठेवले होते. त्यामुळें मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीला तिच्या अटी मान्य करूनच चित्रपट काढावा लागला, आणि १९४० सालीं ती पुन्हां यशाच्या शिखरावर जाऊन बसली. धंद्याच्या दृष्टीनें हा विजय निर्विवाद आहे. परंतु तो विजय ज्या कथेच्या जोरावर मिळाला, ती कथा कोणती?

ट्रेसी लॉर्ड या श्रीमंत, बुद्धिमान आणि करारी स्त्रीचें दुसरें लग्न उद्यांवर आलें आहे. चित्रपटाच्या आरंभींच तिचा पहिला नवरा तिच्या तोंडावर हात ठेवून तिला जमिनीवर लोटतो, आणि प्रेक्षक हंसतात. त्यानंतर एकेक पुरुष येऊन तिला तिचा दोष सांगतो: ती देवी आहे, ती पुतळा आहे, माणसाच्या दुबळेपणाची तिला कींव नाहीं. सर्वांत चमत्कारिक बोलणें बापाचें. तो स्वतः एका नाचणारीच्या नादीं लागलेला. पण त्याचा ठपकाहि तो मुलीवर ठेवतो, कारण मुलीनें पुरेशी माया दाखविली असती तर बापाला ती बाहेर शोधावी लागली नसती! रात्रीं ट्रेसी मद्य पिऊन भान विसरते, सकाळीं खजील होते, आपल्या अपूर्णतेची कबुली देते, आणि पहिल्याच नवऱ्याशीं पुन्हां लग्न लावते. ज्या नटीला लोक गर्विष्ठ म्हणून कंटाळले होते, तिनें दोन तास त्यांच्या समोर उभें राहून आपल्या गर्वाची शिक्षा भोगून दाखविली; आणि लोकांनीं तिला क्षमा केली. हिशेबी बुद्धीनें पाहिलें तर यापेक्षां चतुर खेळी दुसरी नव्हती. पण तिला ‘न नमण्याचा’ विजय म्हणणें हा शब्दांचा खेळ होईल.

मग या चित्रपटाची गोडी कमी कां होत नाहीं? कारण हेपबर्न ती भूमिका कथेनें सांगितलेल्या मार्गानें करीतच नाहीं. बाप बोलत असतो तेव्हां ती ऐकत असते, आणि तिचा ऐकणारा चेहरा हीच त्या प्रवेशाची टीका असते. ज्या घरीं तिचा आधार असावयाचा तेथूनच घाव आला म्हणून तिचे डोळे भरून येतात. आणि आरोप अन्यायाचा आहे हें तिला न कळल्याचा भास क्षणभरहि होत नाहीं. पुतळ्याला माणूस केल्याचें श्रेय कथा पुरुषांना देते. पण पहिल्या क्षणापासून जिवंत माणूस असते ती ट्रेसीच, आणि तिला पुतळा समजण्याची चूक भोंवतालचे लोक करीत असतात. असा अर्थ लेखकाच्या शब्दांतून निघत नाहीं. तो नटीच्या मुद्रेंतून निघतो.

‘वूमन ऑफ द इयर’ (१९४२) मध्यें हा करार याहून उघडा पडला आहे. याची कथा कंपनीच्या गळीं उतरविण्याचें कामहि हेपबर्ननेंच केलें होतें. स्पेन्सर ट्रेसी हा नट येथें पहिल्यानें तिच्याबरोबर आला. पुढें १९६७ पर्यंत या जोडीचे नऊ चित्रपट झाले. नायिका टेस हार्डिंग ही राजकारणावर लिहिणारी नामांकित लेखिका; नायक खेळांवर लिहिणारा वार्ताहर. चित्रपट पुरा झाल्यावर तो निवडक प्रेक्षकांना दाखविण्यांत आला, आणि त्यानंतर मूळचा शेवट काढून नवा घालण्यांत आला. नव्या शेवटांत, जगाच्या घडामोडींवर लिहिणारी ही स्त्री पहांटे नवऱ्याच्या स्वयंपाकघरांत शिरून न्याहारी करूं लागते, आणि कॉफी उतूं जाण्यापासून सर्व फजिती होते. नवरा शेवटीं तिला उदारपणें सांगतो कीं, आपल्याला नुसती गृहिणी नको आणि नुसती लेखिकाहि नको, दोन्ही मिळून एक हवी. उपदेश शहाणपणाचा आहे. पण तो ऐकण्याआधीं प्रेक्षकांना तिची पुरती फजिती पाहावयाची होती, हें विसरतां येत नाहीं. हेपबर्नला हा शेवट आवडला नव्हता. तरीहि तिनें तो जीव ओतून केला. आणि तो इतका चांगला केला आहे कीं, आपण हंसतों, आणि हंसल्यावर थोडे ओशाळतों.

याच्या तुलनेनें १९४९ चा ‘ॲडम्स रिब’ पाहावा. येथें नवराबायको दोघेहि वकील. बाहेरख्याली नवऱ्यावर गोळी झाडणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यांत नवरा सरकारच्या बाजूनें आणि बायको आरोपीच्या बाजूनें उभी राहते, आणि बायको खटला जिंकते. नवरा खोटें पिस्तूल दाखवून तिला शेवटीं पेंचांत पकडतो खरा. पण तो स्वतः खोटे अश्रु काढून तिचें मन वळवितो, आणि अखेर कोणीच कोणाला पुरतें जिंकीत नाहीं. लेखन गार्सन केनिन आणि रूथ गॉर्डन या पतिपत्नीचें होतें. ज्या लेखनांत स्त्रीचा हात होता, तेथें शिक्षेची जागा बरोबरीच्या झटापटीनें घेतली.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, सुखान्त नाटकाचा धर्मच असा आहे. त्यांत प्रत्येक ताठर माणसाचा ताठा शेवटीं उतरतो, पुरुषांचाहि उतरतो. शेक्सपीअरनेंहि तेंच केलें. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर हेपबर्नच्याच कारकीर्दींत आहे. २६ जानेवारी १९५० पासून तिनें न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘ॲज यू लाइक इट’ मधील रोझलिंडचें काम केलें. तेथें एकशें पंचेचाळीस प्रयोग करून नंतर तें नाटक तिनें दौऱ्यावर नेलें. चाळिशी उलटलेली, जगप्रसिद्ध झालेली नटी कॉन्स्टन्स कॉलियर या वृद्ध नटीजवळ बसून छंदोबद्ध भाषण कसें म्हणावें हें विद्यार्थिनीसारखी शिकली, ही गोष्ट साऱ्या पारितोषिकांहून आम्हांस मोठी वाटते. रोझलिंड ही शेवटीं लग्न करते, पण तिला कोणी नमवीत नाहीं. लग्नें जुळवून आणणारी तीच असते. म्हणजे नायिकेला शहाणी ठेवूनहि सुखान्त करतां येतो. उलट बाजूहि तिनें हाताळली: १९५५ मध्यें ओल्ड व्हिक मंडळींबरोबर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत, ‘मेझर फॉर मेझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ यांच्या जोडीला, तिनें आपल्याकडे ‘त्राटिका’ या नांवानें माहीत असलेल्या नाटकांतील कॅथरिनाचेंहि काम केलें. ट्रेसी लॉर्ड आणि टेस हार्डिंग यांची मूळ आजी हीच, हें त्या भूमिकेच्या निवडीवरून सहज ध्यानांत येतें.

वय वाढल्यावर हा करार गळून पडला. तरुण मानिनीला वांकविण्यांत प्रेक्षकांना जें सुख होतें, तें प्रौढ स्त्रीच्या बाबतींत उरत नाहीं. त्यामुळें तिला आतां पुरतें माणूस होण्याची मोकळीक मिळाली. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द आफ्रिकन क्वीन’ (१९५१) मधील रोझ सेयर ही धर्मोपदेशकाची अविवाहित बहीण. खडकाळ प्रपातांतून बोट पार झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद पाहावा: सबंध आयुष्य गळपट्टीपर्यंत बटणें लावून काढलेल्या बाईला आपल्या शरीराचा पहिल्यानेंच शोध लागतो आहे. येथें तिच्या हट्टाची शिक्षा होत नाहीं. उलट त्या हट्टामुळेंच दारूच्या नादीं लागलेला नावाडी माणसांत येतो.

यूजीन ओनील यांच्या ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ वरून सिडने ल्युमेट यांनीं १९६२ सालीं काढलेल्या चित्रपटांतील मेरी टायरोन ही आमच्या मतें तिची सर्वश्रेष्ठ भूमिका होय. अफूच्या सत्वाच्या व्यसनांत बुडालेली ही आई शेवटीं रात्रीं आपला जुना लग्नाचा पोषाख घेऊन खालीं येते आणि नवऱ्यामुलांच्या देखत तरुणपणाच्या स्वप्नांत हरवून जाते. येथें तिचा तो धांवता स्वर पुन्हां ऐकूं येतो. पण ॲलिस ॲडम्स लोकांनीं कांहीं पाहूं नये म्हणून बोलत होती, आणि मेरी टायरोन स्वतःला कांहीं दिसूं नये म्हणून बोलत आहे. सत्तावीस वर्षांच्या अंतरानें एकाच लकबीचा असा सूर बदलणें, याला आम्ही कलेची वाढ म्हणतों. १९६८ च्या ‘द लायन इन विंटर’ मध्यें तर कथाच उलटी फिरली आहे. राजानें कैदेंत ठेवलेली राणी एलिनोर नाताळापुरती सुटून येते, हरते, आणि पुन्हां कैदेंत जावयास निघते. पण होडींतून जातांना ती हंसत हात हालवीत असते. शिक्षा झाली, पण मान मोडला नाहीं. ‘ख्रिस्तोफर स्ट्राँग’ मधील विमानापासून या होडीपर्यंतचा प्रवास हीच तिची कारकीर्द.

तिचे दोष झांकण्यांत अर्थ नाहीं. तिचा उच्चार न्यू इंग्लंडच्या वरच्या वर्गांतला, आणि तो तिला कधीं पुरता टाकतां आला नाहीं. ‘ड्रॅगन सीड’ (१९४४) मध्यें चिनी शेतकऱ्याच्या घरांतील सून म्हणून ती उभी राहते तें आज पाहवत नाहीं. उतारवयांत तिच्या मानेचा आणि आवाजाचा कंप प्रेक्षकांना इतका प्रिय झाला कीं, ‘ऑन गोल्डन पाँड’ (१९८१) मध्यें भूमिका कोठें संपते आणि लाडकी वृद्धा कोठें सुरू होते हें सांगतां येत नाहीं. चवथें पारितोषिक भूमिकेपेक्षां आयुष्याला मिळालें असावें. तसेंच, जी स्त्री पडद्यावर स्वातंत्र्याची मूर्ति ठरली, तिनें स्पेन्सर ट्रेसीच्या आजारपणांत आपलीं कामें बाजूला ठेवून कांहीं वर्षें त्याच्याजवळ काढलीं, आणि १९९१ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत त्याची आवड तीच आपली आवड केल्याचें मोकळेपणानें लिहिलें. कित्येकांना यांत विसंगति दिसते. आम्हांला दिसत नाहीं. प्रेमानें आपण होऊन वांकणें आणि इतरांच्या करमणुकीसाठीं वांकविलें जाणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. तिच्या चित्रपटांनीं त्या एक करून दाखविल्या. तिनें स्वतः त्या कधीं एक मानल्या नाहींत.

तेव्हां तिच्या कारकीर्दीचा निवाडा देतांना आरोपीच्या पिंजऱ्यांत खरोखर कोण उभें आहे, हें ओळखलें पाहिजे. शेवटचा अंक हेपबर्ननें लिहिला नाहीं, पुष्कळदां लेखकानेंहि लिहिला नाहीं. तो प्रेक्षकांनीं लिहिला. मुलीनें शिकावें, बोलावें, आपल्या पायांवर उभें राहावें, असें मनापासून म्हणणारे सुशिक्षित स्त्रीपुरुषच त्या थिएटरांत बसले होते. आणि तीच मुलगी स्वयंपाकघरांत फजीत झाली तेव्हां तेच सर्वांत मोठ्यानें हंसले. तो प्रेक्षक केवळ अमेरिकेंतलाच आहे असें समजून आपण समाधान मानूं नये. हे चित्रपट आजहि कोणालाहि पाहतां येतात. ते पाहतांना शेवटच्या दहा मिनिटांत आपण नेमके कोणत्या जागीं हंसतों, एवढी एक गोष्ट प्रत्येकानें मनाशीं टिपून ठेवावी. नटीची परीक्षा तर केव्हांच झाली आहे; आतां चालू आहे ती पाहणाऱ्याची.